थेरपीचे प्रकार : कोणती कुणाला लागू पडते? पुण्यातले अनुभव हवेत

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. इतकी वर्षं इथे फक्त वाचत आले. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मागच्या आठवड्यात सोसायटीतल्या मैत्रिणीने जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "काउन्सेलिंगने खरंच फरक पडतो का गं?" मला धड उत्तर देता आलं नाही. आमच्या घरात एका थेरपीने अकरा महिन्यांत काही झालं नाही आणि दुसरीने पाच महिन्यांत मुलगा पुन्हा आमच्याबरोबर ताटावर बसायला लागला. तिला मी 'हो' म्हणणार की 'नाही'?

तो बारावीत असताना सुरू झालं. आधी हात. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. मग आंघोळीला दोन-दोन तास. मग मोबाइल, चष्मा, पेनं ओल्या फडक्याने पुसणं. मग ते आमच्यावर आलं. बाहेरून आलं की कुठेही हात न लावता थेट बाथरूममध्ये जायचं. ह्यांचा ऑफिसचा शर्ट सोफ्याला लागला तर कव्हर धुवायला टाकायचं. आणि दिवसभर एकच प्रश्न, "आई, मी नीट धुतले ना हात?" मी म्हणायचे, "हो रे बाळा." एकदा मोजलं. संध्याकाळी सात ते दहा या वेळात ४२ वेळा.

पहिल्या ज्या काउन्सेलर बाई होत्या त्या मनाने फार चांगल्या. दर शनिवारी तो आनंदाने जायचा. लहानपण, वडिलांशी नातं, अभ्यासाचं दडपण, सगळ्यावर बोलणं झालं. दीर्घ श्वसन शिकवलं. पण हातांची सालं निघायची थांबली नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, अकरा महिने गेले याचं मात्र फार वाईट वाटतं.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत नाव सांगितलं : ओसीडी, आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात ते. गोळ्या सुरू केल्या, पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतील असं स्पष्ट सांगितलं आणि ईआरपी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. ईआरपी म्हणजे ज्याची भीती आहे त्याला ठरवून सामोरं जायचं आणि त्यानंतर जी कृती करायची ओढ लागते (आमच्याकडे हात धुणं) ती करायची नाही.

त्यांनी आधी त्याच्याकडून यादी करून घेतली, प्रत्येक गोष्टीला ० ते १०० गुण. लिफ्टचं बटण ३०. पीएमपीच्या बसमधला दांडा ५५. चपलेचा तळ ८०. सार्वजनिक संडासाची कडी १००. खालून सुरुवात करून आठव्या सेशनला चपलेपर्यंत आले. त्या दिवशी मलाही आत बसवलं होतं. घरून त्याच्या उशीचा अभ्रा आणायला सांगितला होता. मॅडमनी स्वतः आधी चपलेच्या तळावर हात फिरवला, मग त्याने एक बोट टेकवलं, मग पूर्ण पंजा. तोच हात जीन्सला पुसायचा, मग अभ्र्याला. अभ्रा हातात घेतल्यावर त्याचा ओठ थरथरायला लागला, कारण उशी ही घरातली त्याची एकमेव 'स्वच्छ' जागा होती. दर पाच मिनिटांनी त्या फक्त आकडा विचारत होत्या. ८५. ९०. ९०. ८५. मध्येच पुन्हा ९०. पन्नासाव्या मिनिटाला ४५. कुणी त्याला "काही होत नाही रे" म्हणालं नाही. त्याचं त्यालाच दिसलं. रिक्षातून घरी येताना दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसला होता. रात्री त्याच हाताने पोळी तोडून जेवला आणि तोच अभ्रा घालून झोपला.

माझंही काम होतंच. "नीट धुतले ना?" ला उत्तर द्यायचं बंद. माझ्या 'हो'मुळे त्याला पाच मिनिटं बरं वाटायचं आणि आजार बळकट व्हायचा. म्हणायचं ते असं : "हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, त्याला मी उत्तर देणार नाही. पण तुझ्याजवळ बसते." पहिल्या आठवड्यात तो माझ्यावर ओरडला, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तरी उत्तर दिलं नाही.

एकूण १७ सेशन्स आणि गोळ्या. गोळ्या अजून चालू आहेत.

आपल्याला थेरपी म्हणजे एकच काहीतरी वाटतं, समोर बसून बोलायचं. तुमचा त्रास कोणता होता, कोणती पद्धत मिळाली, जुळली का, हे लिहाल का? कुणाचे तरी अकरा महिने वाचतील.

नीलेश_वारजे

ताई, वाचून सुन्न झालो. एक प्राथमिक प्रश्न : मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर यांत फरक काय? बायकोला घेऊन जायचंय, आधी कुणाकडे हेच कळत नाहीये.

गौरी_औंध

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून उत्तर देते.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर. एमबीबीएसनंतर मानसोपचारातलं पदव्युत्तर शिक्षण. गोळ्या तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते आणि तो नंबर विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मला कुणी विचारला की मी लगेच देते. 'समुपदेशक' या शब्दाला तेवढं घट्ट कुंपण नाही. एम.ए. करून, पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली तयार झालेले उत्तम समुपदेशक पुण्यात आहेत, आणि छोटासा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत.

नीलेश, झोप-भूक पार गेली असेल, आवाज ऐकू येत असतील, जीव नकोसा झाल्याचं बोलणं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, आणि आजच. तसं काही नसेल तर तिघांपैकी कुणाकडेही सुरुवात करा. चांगला माणूस स्वतःहून पुढे योग्य जागी पाठवतो.

पहिल्या एक-दोन भेटींत तीन गोष्टी विचारा. माझा त्रास तुम्हाला काय वाटतो? त्यासाठी कोणती पद्धत वापरणार आणि का? आणि फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओसीडीसाठी येल-ब्राउन नावाची मोजपट्टी आहे, नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आहे. सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला भरून घेतली की अकरा महिने अंधारात जात नाहीत.

मृण्मयीताई, अभ्र्याचा प्रसंग फार नेमका लिहिलात. घरातली 'सुरक्षित' जागा शिल्लक राहिली तर सगळी भीती तिथे जाऊन लपते, म्हणून ते करावं लागतं.

आनंदराव_सदाशिव

वय ६८, बँकेतून निवृत्त. माझा त्रास राग. मुलगा परदेशात, रविवारी फोन आला नाही की माझा दिवस खराब. ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनीच पाठवलं.

मला मिळाली ती आरईबीटी, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली. महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी, त्यामुळे या विषयावर मराठीत वाचायला भरपूर आहे, आणि माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला त्याचा फार उपयोग झाला.

मूळ मुद्दा साधा आहे. घटना घडते, तिच्याविषयी आपण मनात काही म्हणतो, आणि त्यातून भावना येते. घटनेतून थेट भावना येत नाही. माझ्या वहीत पहिलं वाक्य होतं, "मुलाने रविवारी फोन केलाच पाहिजे." सरांनी त्यातल्या 'च'भोवती लाल पेनाने गोल केला. म्हणाले, "काका, फोन यावा ही तुमची इच्छा आहे, ती ठेवा. हा 'च' कुठून आला ते सांगा." मी तीन आठवडे त्या एका अक्षराशी भांडत होतो. माझ्या वडिलांच्या घरात सगळं 'च'वर चालायचं, ते तिथून आलं होतं.

आता फोन आला नाही तर वाईट वाटतं. पण वाईट वाटणं आणि ताट सरकवून उठणं यात फरक आहे. ज्यांना तर्काने विचार करायला, वही लिहायला आवडतं त्यांना ही पद्धत मानवेल असं माझं मत.

वसुधा_कर्वेनगर

थोडं वेगळं लिहिते, गैरसमज नसावा.

माझे यजमान गेले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलीने एका ठिकाणी नेलं. तिथे माझ्या हातात तक्ता दिला. प्रसंग, विचार, पर्यायी विचार. मी 'प्रसंग' या रकान्यात 'हे गेले' असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे बघत बसले. काय पर्यायी विचार करू? परत गेले नाही.

दुसऱ्या बाईंकडे नऊ महिने, दर मंगळवारी. त्यांनी एकही तक्ता दिला नाही, घरचा अभ्यास दिला नाही. त्या ऐकायच्या. ह्यांचा चहा मी अजून टाकते आणि मग ओतून देते, हे मी जगात फक्त त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "दोन कप टाकता ना अजून." बस, एवढंच. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात उभं आहे.

म्हणून पद्धत-पद्धत म्हणताना माणूस विसरू नका एवढंच म्हणणं आहे.

मृण्मयी_कोथरूड

वसुधाताई, हे वाचून मी थांबलेच. तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण माझ्या मुलाला तसंच ऐकणारं माणूस मिळालं होतं आणि तरी उपयोग झाला नाही. मग हे कसं?

गौरी_औंध

दोघींचंही खरं आहे, आणि याचं कारण त्रासांच्या आकारात आहे.

वसुधाताई, तुम्हाला मिळालं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतलं काम. १९५७ साली त्यांनी मांडलं की समोरच्याला मनापासून समजून घेणं, त्याचा विनाअट स्वीकार आणि थेरपिस्टचा खरेपणा, एवढ्याने माणूस बदलू शकतो. थेरपिस्टशी असलेलं नातं चांगलं असेल तर परिणाम चांगला, हे कोणत्याही पद्धतीच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आणि दुःख हा आजार नाही. तिसऱ्या आठवड्यात तक्ता देणं ही चूकच होती. (दुःख फार लांबलं, वर्ष उलटूनही माणूस जागचा हलेना, तर त्यासाठी वेगळी थेरपी आहे. तो पुढचा प्रश्न.)

पण मंत्रचळात मायेने ऐकण्याचा एक तोटा होतो. माणूस तिथे येऊन शंका बोलतो, समोरचा धीर देतो, घटकाभर बरं वाटतं. तो धीर म्हणजेच आजाराला हवं असलेलं उत्तर, ताईंच्या 'हो रे बाळा'सारखंच. म्हणून तिथे नातं लागतंच, पण त्या नात्याच्या आधाराने चपलेवर हात ठेवावा लागतो. पॅनिक अटॅक, उंचीची किंवा लिफ्टची भीती, यातही तेच. भीतीबद्दल बोलून ती कमी होत नाही, तिच्याजवळ जाऊन होते.

अनामिका२७

हा आयडी यासाठीच काढलाय.

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना फार तीव्र असतात, पटकन बदलतात आणि आवरत नाहीत. कॉलेजात असताना स्वतःला इजा करायचे. चार थेरपिस्ट झाले. दोघांनी "तू खूप लक्ष वेधून घेतेस" अशा अर्थाचं ऐकवलं, एकाने मध्येच बघणं बंद केलं. त्यांची नावं लिहीत नाही.

मग डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) मिळाली. ती मार्शा लिनेहन यांनी तयार केली. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः याच अवस्थेत रुग्णालयात होत्या. हे कळल्यावर मी तो भाग तीनदा वाचला. ज्या बाईने ही पद्धत काढली ती आतून आलेली आहे.

यात आठवड्याला एक वैयक्तिक सेशन आणि एक गट, जिथे शाळेसारखी कौशल्यं शिकवतात. माझा गट ऑनलाइन होता. रोज एक कार्ड भरायचं : आज इजा करायची ओढ किती, ० ते ५, आणि काय केलं. ओढ शिगेला पोहोचते तेव्हा विचार करून काही होत नाही, म्हणून आधी शरीर शांत करायचं. मी बर्फाचं पाणी घमेल्यात घेऊन श्वास रोखून चेहरा बुडवते. हृदयाचे ठोके खरंच मंदावतात. (हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) त्या अर्ध्या मिनिटाने माझ्या कित्येक रात्री वाचल्यात.

सोपी नाही. वर्ष लागलं. पण "तू आहेस तशी ठीक आहेस आणि तुला बदलावंही लागेल" ही दोन्ही वाक्यं मला एकत्र पहिल्यांदा तिथे ऐकायला मिळाली.

वसुधा_कर्वेनगर

अनामिका, बाळा, लिहिलंस हे फार मोठं काम केलंस. कधी वाटलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

भटका_सह्याद्री

नवले पुलाजवळ अपघात. मित्र मागे बसला होता. तो वाचला, पण पाय गेला. त्यानंतर मला ट्रकचा हॉर्न ऐकला की घाम फुटायचा, कात्रजला जायचं तर मोठा वळसा घालून जायचो. सात-आठ महिने असे काढले.

मला ईएमडीआर केली. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये शोधलेली. प्रसंगाचं सगळ्यात वाईट चित्र मनात धरायचं (माझ्यासाठी रस्त्यावर पडलेलं हेल्मेट) आणि थेरपिस्टची बोटं डावी-उजवीकडे हलतात त्यांच्यामागे नजर फिरवायची. मध्ये थांबून "आता काय येतंय?" एवढंच विचारतात. सविस्तर सांगावं लागत नाही, आणि मला सांगायचंच नव्हतं म्हणून ती मला जमली. सहाव्या सेशननंतर हेल्मेट दिसायचं, पण लांब, एखाद्या जुन्या फोटोतल्यासारखं. परवा पुलावरून स्वतः गाडी चालवत गेलो.

गौरी_औंध

भटका, चांगली बातमी. आघातासाठी ईएमडीआर आणि आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी), दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. डोळे फिरवण्यामुळेच गुण येतो की सुरक्षित जागी बसून ती आठवण पुन्हा जागवल्यामुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं. पण गुण येतो. तुमच्यासारखा एकच प्रसंग असेल तर लवकर. लहानपणापासून वर्षानुवर्षं छळ झाला असेल तर काम लांबतं आणि आधी माणसाला स्थिर करावं लागतं. दोन दिवसांची कार्यशाळा करून हे करणाऱ्यांकडे जाऊ नका.

बाळासाहेब_धायरी

माझ्या थोरल्या बहिणीला स्किझोफ्रेनिया. वर सगळे थेरपीबद्दल लिहितायत म्हणून आवर्जून सांगतो, इथे औषध आधी. आम्ही दोन वर्षं बोलून समजावण्यात आणि देवस्थानं करण्यात घालवली. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं सांगून आवाज थांबत नाहीत. गोळ्यांनी ताई स्थिर झाली, मग थेरपीचा उपयोग झाला : रोजचा दिनक्रम, लोकांशी बोलणं, आवाज आला तरी हातातलं काम कसं सोडायचं नाही.

आणि खरी थेरपी आम्हा घरच्यांची झाली. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, आपल्या धायरीतच. तिथल्या गटात पहिल्यांदा कळलं की घरात सतत टोचून बोलणं, किंवा उलट जिवापाड काळजी करत मागे मागे फिरणं, दोन्हींमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते. मी टोचून बोलणाऱ्यांतला होतो. "उठ, किती लोळशील" हे वाक्य मी सोडलं. त्याऐवजी चहा ठेवतो आणि हाक मारतो. येते ती.

स्वप्नील_चिंचवड

सगळ्यांचे अनुभव वाचले. पण माझ्या भावाला सेशनला पंधराशे सांगितले. आठवड्याला एक म्हणजे महिन्याला सहा हजार. पगार अठरा हजार. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

बाळासाहेब_धायरी

ससूनची मानसोपचार ओपीडी. येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, नावाला घाबरू नका, लोक तपासून, औषध घेऊन घरी जातात. गर्दी असते, सकाळी लवकर जा. दारूचा प्रश्न असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून काम चालू आहे, आणि तिथे घरच्यांकडेही लक्ष देतात.

गौरी_औंध

यात भर. टेली मानस, १४४१६, केंद्र सरकारची फुकट सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता जीव घाबरला तरी लावा.

खासगीत "सवलतीचा दर आहे का" हे सरळ विचारा. बरेच जण काही जागा राखून ठेवतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी आणि मधल्या काळात घरचा अभ्यास, असं सीबीटीमध्ये जमवता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच धरायला हवं, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे सेशनचा खर्च खिशातूनच जातो. हे चूक आहे आणि बदललं पाहिजे.

भावाला नेमकं काय होतंय?

स्वप्नील_चिंचवड

कशातच मन नाही. कामावरून आला की पडून. मित्र सोडले. आधी ढोलपथकात होता, टिपरू हातात घेऊन दोन वर्षं झाली.

गौरी_औंध

ससूनला नक्की दाखवा, नैराश्य किती खोल आहे ते त्यांना ठरवू दे. "मरून जावं वाटतं का?" हे तुम्ही स्वतः त्याला थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका.

नैराश्यात बिहेविअरल ॲक्टिव्हेशन नावाची साधी पद्धत आहे. आपण म्हणतो, मन लागलं की करेन. इथे उलटं चालायचं, आधी करायचं, मन मागून येतं. सुरुवात मात्र अगदी छोटी. पथकात परत जायला सांगू नका. ढोल वाजवायचाही नाही. फक्त सरावाच्या जागी तुमच्याबरोबर दहा मिनिटं उभं राहून यायचं. दिवस आणि वेळ ठरवून, वहीत लिहून.

स्वप्नील_चिंचवड

रविवारी संध्याकाळी सराव असतो. विचारतो.

नीलेश_वारजे

मृण्मयीताई, एक शेवटचं. बायको यायला तयारच नाही. तुमचा मुलगा ईआरपीला कसा तयार झाला?

मृण्मयी_कोथरूड

नव्हता झाला. पहिले तीन आठवडे तो खोलीतून बाहेर आला नाही, मी आणि हे दोघंच जात होतो. मॅडम म्हणाल्या, तो येईपर्यंत तुम्ही या. पालकांनीच आपलं वागणं बदलायचं, अशी एक पद्धत अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी बसवली आहे, त्या धर्तीवर आमचं काम सुरू झालं. आम्ही दोघांनी त्याला चिठ्ठी लिहिली. तुला किती त्रास होतोय ते आम्हाला दिसतं, तू हे सोसू शकशील याची आम्हाला खात्री आहे, आणि सोमवारपासून आम्ही बाहेरून आल्यावर थेट बाथरूममध्ये जाणार नाही. दाराखालून सरकवली.

सोमवारी हे ऑफिसातून आले आणि त्याच शर्टात सोफ्यावर बसले. आतून दार आपटल्याचा आवाज आला. हे उठले नाहीत. मी चहा आणून दिला, माझा हात कापत होता. चौथ्या आठवड्यात तो बाहेर येऊन म्हणाला, "तुम्ही जाता तिथे मी एकदा येतो, पण कशालाही हात लावणार नाही." मॅडम त्याला म्हणाल्या, "चालेल, नको लावूस. आज फक्त यादी करू."

नीलेश, तुम्ही आधी एकटे जाऊन या. बायकोला सांगून जा, लपवून नको.